ब्रेकची दुसरी जोडी

माझ्या धाकट्या भावाची सायकल मी जोडली, हे सिरसाळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात मोटर टाकायला आलेला माणूस आधी मागच्या खोलीत डोकावतो, टांगलेली सायकल बघतो आणि चुकचुकतो. भाऊ असावा तर असा, असं तोंडावर म्हणणारेही भेटले आहेत. मी मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत राहतो. लोकांना वाटतं, दुःखामुळे. दुःख आहेच, पण मान त्याच्यामुळे खाली जात नाही.

आमचं वाइंडिंगचं दुकान अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, घराच्याच पुढच्या भागात घालून दिलेलं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी आम्ही भरून देतो. अण्णा गेले, पण त्यांचा एक नियम दुकानात राहिला. सगळं सामान समोर आल्याशिवाय पाना उचलायचा नाही. एक बेअरिंग यायची बाकी असली तरी मोटर उघडायची नाही, कारण उघडी मोटर कचरा खाते आणि अर्धं काम माणसाचं डोकं खातं. गिऱ्हाईक दारात बसून शिव्या देऊ दे, अण्णा हलायचे नाहीत. आम्हा दोघा भावांच्या हाडात तो नियम भिनला होता. माझ्या तर इतका, की त्याचाच मी पुढे उपयोग करून घेतला.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. हात अण्णांसारखा, पण चित्त रस्त्यावर. त्याने संभाजीनगरहून एक जुनी रेसिंग सायकल आणली होती आणि पहाटे उठून तो कधी नारायणगड, कधी कपिलधार असं करत हिंडायचा. आमच्याकडे सायकल चालवतात शाळेतली पोरं. तिशीतला बाप्या घट्ट चड्डी घालून, डोक्यावर टोप चढवून ऐंशी-ऐंशी किलोमीटर जातो आणि कुणाला भेटत नाही, काही आणत नाही, तसाच परत येतो, हे लोकांच्या गळी उतरायचं नाही. ते मला विचारायचे, मी चिडायचो. तो मात्र हसायचा. हसणाऱ्या माणसावर चिडण्यात काही मजा नसते, त्यामुळे मी आणखी चिडायचो.

मग त्याने नवी सायकल मनावर घेतली. तयार घ्यायची नाही, स्वतःच्या अंगाच्या मापाची बनवायची आणि घरीच जोडायची. भिंतीला पाठ लावून, दोन मांड्यांच्या मध्ये जाडसर पुस्तक धरून तो उभा राहिला आणि टेप मी धरला होता. पायाची लांबी, हाताची, खांद्याची रुंदी, सगळं त्याने वहीत लिहिलं आणि पोलादी सांगाडा बनवणाऱ्या एका कारागिराला पाठवलं. दोन महिन्यांनी सांगाडा बसच्या टपावरून आला. मोरपंखी रंगाचा, हातात घेतला तर कोंबडी उचलल्यासारखा हलका. मी वेल्डिंगवरून अंगठा फिरवला तेव्हा मनात म्हटलं, हे काम आहे.

बाकीचं सामान एकेक करून कुरिअरने यायला लागलं. क्रँक, चेन, गिअर, हँडल. चाकं त्याने स्वतः विणली, एकेक तार ओवून. सगळं मागच्या खोलीत मांडून ठेवलं, पण जोडायला हात घातला नाही. ब्रेक यायचे होते. ब्रेक आले की एका बैठकीत जोडतो म्हणाला. तोपर्यंत जुनी सायकल. तिच्या ब्रेकचं रबर दगडासारखं झालं होतं आणि तिच्यावर आता पैसा टाकायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

ब्रेक आले ते दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. हंगाम सुरू झालेला, दुकानात मोटरींची रांग, आणि हा सकाळी गेला तो साडेदहा वाजले तरी बेपत्ता. कुरिअरवाल्याने खोका माझ्या हातात दिला आणि सही घेतली. मी खोका उघडून पाहिला, पुन्हा मिटला आणि बाकाच्या कप्प्यात टाकून कुलूप लावलं. मनात काय होतं ते सांगतो, कारण सांगण्यासारखं तेवढंच आहे. दिवाळीपर्यंत चांगला दुकानात बसू दे, मग देऊ. एवढंच. लहान पोराचा भवरा काढून घेतात तसं.

तो आल्यावर मोबाइल पुढे करून म्हणाला की ब्रेक पोचल्याचा मेसेज आलाय. मी मोटरीतून डोकं न काढता म्हणालो, न्हाई आलं काही. हे कुरिअरवाले असंच दाखवतात, चार दिवसांनी आणून टाकतेत. आमच्याकडे तसं होतंही, त्यामुळे त्याला ते खरं वाटलं. चार दिवस गेले, आठ गेले. मग त्याने कंपनीला फोन लावला. मी आत होतो, तो दारात पायरीवर बसलेला. पलीकडची बाई बहुतेक सांगत होती की माल दिलाय, सही घेतलीय. त्यावर तो शांतपणे बोलला ते मला शब्द न शब्द आठवतं.

"मॅडम, माझा दादा दिवसभर दुकानात असतो. आलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. माझा दादा खोटं बोलत न्हाई."

तेव्हाच उठून कुलूप काढायला हवं होतं. मी उठलो नाही. आता दिलं तर खोटा पडतो, मग दिवाळीला काहीतरी बतावणी करून देऊ, असा हिशेब केला. खोटं एकदा बोलायला सोपं असतं, त्याची राखण अवघड.

खोका कप्प्यात टाकल्याला बारा दिवस झाले होते. तेराव्या सकाळी तो जुन्या सायकलीवरून कपिलधारकडे गेला आणि तिकडच्या उतारावर, वळणाला, कठड्यावर आदळून गेला. पंचनाम्यात वेग आवरला नाही असं लिहिलं. नातेवाइकांनीही तेच धरलं. पोरगं वेगाचं येडं होतं, असं म्हणून सगळ्यांनी आपापली समजूत घातली.

त्या वळणावर सीताफळांची पाटी घेऊन एक म्हातारी बसते. अंत्यविधी उरकल्यावर मी एकटाच ती जागा बघायला गेलो तेव्हा तिने मला थांबवलं. तुमचा कोण होता, म्हणाली. भाऊ, म्हणालो. ती म्हणाली, "गुरं आडवी आलती. लेकरू दोनी हातानं ब्रेक दाबत होतं, म्या बघितलं. थांबलीच न्हाई ती सायकल." मग तिने मला चार सीताफळं घेऊन जा म्हणून आग्रह केला. मी ती घेतली आणि वाटेत एका बांधावर ठेवून दिली. तिचं बोलणं मी घरी कुणाला सांगितलं नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. आमच्यात पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा उरली नाही असं धरतात. शिवला नाही तर जमलेली माणसं त्याच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून, हात जोडून एकेक शब्द देतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी चारचौघांत सांगत आलोय. त्या दिवशी बाभळीवर दोन कावळे होते. मामा पुढे झाले, तुझ्या मायला अंतर देणार न्हाई म्हणाले. कावळा हलला नाही. चुलत्यांनी लग्न राहिलं म्हणून माफी मागितली. मित्रांनी काहीबाही सांगितलं. कावळा पंख साफ करत बसला. ऊन चढलं. मग माय माझ्याकडे वळली.

"दादा, तू बोल की. तुझ्याजवळच असायचा त्यो."

काय बोलायचं ते तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं. ब्रेक माझ्याजवळ हायत. एवढंच वाक्य. मी पुढे गेलो, हात जोडले, आणि म्हणालो की तुझी सायकल मी जोडीन. माणसं हळहळली, दोघातिघांनी डोळे पुसले. कावळा उडून पलीकडच्या काठावर गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे अंघोळीला गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझं त्या दिवसापासून नुसतं खवखवणं नाही, माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे आणि मी बोलायची वाट बघतंय, असं सुरू झालं. दुकानात, जेवताना, चौकात दिवसाउजेडी.

पंधरा-वीस दिवसांनी कुरिअरवाला आला आणि त्याने भावाचं नाव घेऊन विचारलं, आहेत का? मी काही बोलायच्या आत मायने पुढे होऊन खोका घेतला. कंपनीने त्याची तक्रार मान्य करून ब्रेक पुन्हा पाठवले होते. तसाच खोका, वर तेच चित्र. माय तो पदराने पुसत म्हणाली, "बघ, आलं त्याचं. उशीर केला मेल्यांनी." मी कुलूपबंद कप्प्याला टेकून उभा होतो.

मग मी सायकल जोडायला बसलो. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा तास-दोन तास. बेअरिंग दाबून बसवणं माझ्या डाव्या हातचा मळ, पण बाकीचं सगळं नवं. व्हिडिओ बघायचे, त्याची वही उघडायची. वहीत त्याने सगळं लिहून ठेवलं होतं. क्रँकच्या बेअरिंगचे उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, जोर करायचा नाही. पुढच्या फोर्कची नळी कुठे कापायची ती खूण त्याने पेन्सिलने करून ठेवली होती. नळी एकदा कापली की वाढत नाही, म्हणून मी ती दिवसातून चारदा मोजायचो आणि आठ दिवस कापलीच नाही. कापली त्या दुपारी करवतीबरोबर त्याची पेन्सिलची रेघ अर्धी गेली आणि मी करवत खाली ठेवून बराच वेळ त्या उरलेल्या अर्ध्या रेघेकडे बघत बसलो.

त्याचा मोबाइल मायने बंद करू दिला नव्हता. तो चार्जिंगला लावलेला असायचा माझ्या बाकावर. सायकलच्या कुठल्याशा ॲपवरून त्याला मेसेज यायचे. तुम्ही तीन आठवडे बाहेर पडला नाहीत. तुम्ही दोन महिने बाहेर पडला नाहीत. चला, आज थोडं फिरून येऊ. टुंग वाजलं की माझ्या हातातला पाना थांबायचा. मागचं चाक बसवल्यावर आणखी एक सुरू झालं. खिडकीतून वारा आला की टांगलेल्या सायकलीचं ते चाक आपोआप फिरायचं आणि त्यातून टिकटिक यायची, तो अंगणात सायकल आत घेताना यायची तशीच. माय स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, आला का रे? मी हात लावून चाक थांबवायचो.

मधे पोलीस ठाण्यातून जुनी सायकल परत मिळाली. पुढचं चाक वाकलेलं, बाकी सांगाडा धड. ती मी मागे पत्र्याखाली ठेवली आणि एक दिवस व्हर्नियर घेऊन तिच्यापुढे बसलो. ब्रेक बसतो त्या भोकापासून रिंगेपर्यंतचं अंतर मोजलं. खोक्यावर लिहिलेल्या मापात ते येत होतं का? का मोजलं, तर ते येऊ नये म्हणून मोजलं. हंगामाच्या त्या बारा दिवसांत नवी जोडून झालीच नसती, अशी समजूत मी आधीच घालून घेतली होती; आता अंतर जास्त निघालं असतं तर नवे ब्रेक जुनीलाही बसले नसते, आणि मग मी नुसता खोटारडा ठरलो असतो, आणखी काही नाही. तीनदा मोजलं. पुढचं मोजलं, मागचं मोजलं. आकडा मला माहीत आहे, तो मी इथे लिहीत नाही.

पुढच्या वर्षी गौरी उठल्या त्या आठवड्यात सायकल पूर्ण झाली. हँडलला पट्टी गुंडाळली, केबल ओढल्या. ब्रेक मी दुसऱ्या खोक्यातले लावले. पहिला खोका कप्प्यातच राहिला, तो फेकायचाही धीर नव्हता आणि लावायचाही. सीटची उंची वहीत होती तेवढीच ठेवली, त्याच्या पायाची. माझे पाय जेमतेम टेकत होते. तरी एका सकाळी मी ती परळीच्या रस्त्याला काढली. सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, रस्ता मोकळा. एवढं हलकं वाहन मी जन्मात चालवलं नव्हतं. थोडा उतार लागला, वेग वाढला, आणि मी एका बोटाने ब्रेक दाबला.

सायकल थांबली. ना करकर, ना घसरणं. एका बोटाने. मी रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकली आणि कापसाच्या बांधावर बसून रडलो. त्याच्या मरणानंतर मी लोकांत रडलो होतो, पण खरा रडलो तो तिथे. इतकं सोपं होतं ते. घरी येऊन ती टांगली आणि पुन्हा काढली नाही.

त्यानंतर खंडेनवमी आली. त्या दिवशी दुकानातलं एकूण एक हत्यार धुऊन, पुसून, सतरंजीवर मांडून हळदकुंकू लावायचं आणि कुणी कशाला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. अण्णा असल्यापासून मांडणी माय करते. कप्पे सगळे रिकामे झाले पाहिजेत, एक स्क्रूड्रायव्हर आत राहिलेला तिला चालत नाही. त्या सकाळी तिने सगळे कप्पे उपसले, सायकलीला झेंडूचा हार घातला आणि माझ्याकडे कुलपाची किल्ली मागितली. मी सांगू शकलो असतो की त्यात काही नाही, जुन्या पावत्या आहेत. वर्षभर खोटं बोललो, त्यात आणखी एक खपून गेलं असतं. मी किल्ली काढून दिली. का दिली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पाठीमागे उभं असलेलं ते, त्याला कंटाळलो होतो म्हणा.

तिने खोका काढला. मागच्या खोलीकडे पाहिलं, पुन्हा खोक्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण चित्र तेच होतं.

"हे तर लावलेत ना सायकलीला?"

मी म्हणालो, ते दुसरे. हे आधीचे.

"कधी आलते?"

मग मी सांगितलं. सही घेतली ते, कप्प्यात टाकलं ते, फोनवर तो काय म्हणाला ते, आणि सीताफळवाली काय म्हणाली तेही. सांगताना मी उभाच होतो. ती सतरंजीजवळ खाली बसलेली, हातात कुंकवाची कोयरी. मध्ये तिने एकदाही 'कावून', असं का केलंस, म्हणून विचारलं नाही. सगळं संपल्यावर तिने खोका उघडला, एक ब्रेक बाहेर काढून तळहातावर धरला, वजन करावं तसा.

"त्या जुन्या सायकलीला बसले असते का रे हे?"

एवढाच प्रश्न तिने विचारला. मला वाटलं होतं ती मारेल, शिव्या देईल, ऊर बडवेल. तिने सरळ त्या एका जागी बोट ठेवलं, जिथे मी व्हर्नियर घेऊन बसलो होतो. पत्र्याखालची ती सायकल तिला काय मोजता येणार होती? न्हाई बसत, माय, त्याचं माप वेगळं असतं. एवढं म्हणायला मला श्वाससुद्धा लागला नसता आणि तिचं पुढचं आयुष्य थोडं हलकं गेलं असतं.

"बसले असते," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम."

तिने ब्रेक खोक्यात ठेवला. पक्कड, पाने, हातोडी, एकेकाला हळदकुंकू लावत ती शेवटपर्यंत गेली. हात थांबला नाही तिचा. उठताना म्हणाली, "आता आणिक कुणाला सांगू नको. मला सांगितलंस तेवढं बास झालं." त्या दुपारी तिने पुरणाची पोळी केली, मला वाढली, वर तूप घातलं. मी खाल्ली. माझ्या पाठीमागचं कुणीतरी त्या दिवसापासून गेलं, हे खरं आहे. ते कुठे गेलं, हे मला तिच्याकडे बघून कळतं. ती आता दुपारची पत्र्याखाली जाऊन बसते.

मी काय मिळवलं त्या खरं बोलण्यातून, ते मला ठरवता येत नाही. सुटलो म्हणावं तर लाज वाटते. घरात मला लहानपणापासून सगळे दादा म्हणत आले, तो जन्मला आणि बोलायला लागला तेव्हापासून. त्याचं ऐकून मायही मला दादाच म्हणायची, मोठ्या पोराला आयांनी म्हणायची रीतच आहे ती. खंडेनवमीपासून ती जेवायला बोलावते, औषध आणायला सांगते, सगळं करते, पण हाक मारताना माझं नाव घेते.